चाळीस पावलं

कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या आमच्या सपाटीवर एकही टेकडी नाही. आहेत ते खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे. गाव कुठं संपलं नि शेत कुठं सुरू झालं, हे माझ्यासारख्या नकाशे काढून पोट भरणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी खाणीत पाणी शिरलं आणि ओनुफ्री आतच राहिला. तो बोगदा भिंत घालून बंद केला. त्याची बायको युस्तिना माझ्याकडे आली नि म्हणाली, तो कुठल्या जमिनीखाली आहे तेवढं दाखव. मी खाणीचा नकाशा गावाच्या नकाशावर ठेवला, खाणीच्या तोंडापासून उत्तरेला दीडशे पावलं मोजली आणि कुंपणाशी खुंट ठोकला. तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की ती तिथं जाऊन त्याला आठवड्याची हकीकत सांगते. मी लांब उभा राहतो. मग आम्ही रुळांच्या कडेनं बरोबर परत येतो. आठवडाभरात मी खरा जगतो तो तेवढा अर्धा तास.

या एप्रिलमध्ये नवा रस्ता आखायला जुने नकाशे काढले आणि माझी चूक दिसली. गावाचा नकाशा ध्रुवताऱ्याची उत्तर धरून केलेला, खाणीचा होकायंत्राची. आमच्याकडे सुई खऱ्या उत्तरेच्या बरीच पूर्वेला झुकते. एवढं साधं गणित मी विसरलो होतो. ओनुफ्री त्या खुंटापासून चाळीस पावलं पूर्वेला होता, जवसाच्या शेताखाली.

तीन महिने मी तोंड शिवून बसलो. तिला लग्नाचं विचारायचं होतं. हे कळलं तर ती माझं तोंडही पाहणार नाही, ही धास्ती. पण असलं काही पोटात ठेवून मागणी घालण्याइतका मी कोडगा नाही. काल खुंटापाशीच सगळं सांगून टाकलं.

ती चिडली नाही. निळ्या फुलांनी भरलेल्या जवसाकडं बघत राहिली.

"म्हणजे अकरा वर्षांतलं त्याच्या कानावर काहीच गेलं नाही?"

"चाळीसच पावलं गं, युस्तिना. ऐकलं असेल त्यानं."

"तुला काय ठाऊक? डाव्या कानानं बहिराच होता तो."

तिनं मला पावलं मोजायला लावली. शेतवाला ओरडेल, म्हटलं, तर म्हणाली ओरडू दे. मी थांबलो तिथं ती जवसातच बसली.

"तू जा घरी, तेओडोर. मला वेळ लागेल."

मी चार पावलं गेलो असेन. मागून तिचा आवाज आला.

"ओनुफ्री, तू गेलास ना, त्याच आठवड्यात आपली गाय व्याली."