आत काय आहे ते आधी सांगा

किल्लीवाल्याचा एक नियम होता, आणि त्या नियमापायी त्याने जितकी गिऱ्हाइकं जोडली त्याहून जास्त तोडली. बंद कपाट, पेटी, तिजोरी, काहीही उघडून द्या म्हटलं की हा अवजाराला हात लावायचा नाही. आधी विचारायचा, "आत काय आहे?" गिऱ्हाइकाने सांगायचं, मग हा उघडणार. सांगितलेलं आत दिसलं तरच मजुरी घेणार, नाही तर पुन्हा कुलूप लावून चालता होणार. एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "कागदपत्रं आहेत." कसली, ते काही त्यांना सांगता येईना. किल्लीवाल्याने भर बाजारात त्यांची अशी हजेरी घेतली की महाशय पेटीसकट पसार झाले. दुसऱ्या एका बाईने नवऱ्याच्या कपाटाकडे बोट दाखवून सांगितलं, "आत ना? आत त्याचा खोटारडेपणा आहे. उघडा." ते मात्र त्याने हसत हसत उघडलं, आणि बाईचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं निघालं.

तर असा हा ताठ कण्याचा माणूस. लोक घराच्या किल्ल्या त्याच्या टपरीवर टाकून बिनघोर परगावी जायचे. आणि हाच शहाणा पटापटच्या दुकानात गेला तेव्हा मूग गिळून गप्प बसला. आता बोला!

पटापट म्हणजे जुने फोन आणि लॅपटॉप विकणारा. "पटापट बघा, पटापट न्या" हे त्याचं पालुपद, म्हणून ते नाव पडलं. किल्लीवाल्याच्या लेकीला घरबसल्या हिशेब तपासायचं काम मिळालं होतं. आयुष्यातली पहिली नोकरी. अट एवढीच, की लॅपटॉप स्वतःचा हवा आणि सोमवारच्या आत हवा. नवा घ्यायची बापाची ऐपत नव्हती. पटापटने काउंटरखालून एक काळा लॅपटॉप काढला, कापडी बॅगेसकट.

"स्क्रीन गेलाय, म्हणून मातीमोल देतोय. बाकी एकदम ठणठणीत. न्यायचा तर पटापट न्या, गिऱ्हाईक येऊन गेलंय."

खोकं नाही, बिल नाही, वायर भलत्याच कंपनीची. किल्लीवाल्याच्या ओठांवर प्रश्न आला होता, अगदी ओठांवर. पण त्याला लेकीचा चेहरा आठवला आणि त्याने तो आवंढ्याबरोबर गिळून टाकला. पैसे दिले, बॅग उचलली आणि मागे न बघता बाहेर पडला.

घरी येऊन बॅग झटकली तर आतल्या कप्प्यातून एक किल्ली पडली. पितळी, जुन्या घडणीची, दात झिजून गुळगुळीत झालेले. किल्ली अशी झिजते ती रोजच्या वापरातली, आणि रोजच्या वापरातली किल्ली कुणी लॅपटॉपबरोबर विकत नाही. हे त्याला कळायला हवं होतं. कळलंच होतं म्हणा. त्याने ती मुकाट्याने खिशात टाकली.

लेकीने बटण दाबलं. स्क्रीन काळाच राहिला, पण आतून एक बाई बोलायला लागली. ती इतक्या भरभर बोलत होती की एक शब्द धड लागेना. बंद दाराआड कुणी स्वतःशी पुटपुटत बसावं तसं. किल्लीवाल्याची बायको हातातलं काम टाकून उठली.

"अगबाई! अहो, ही कोण?"

"यंत्र आहे ते, बाई नव्हे," किल्लीवाला म्हणाला, पण त्याचाही हात बटणापाशी जाताना थबकला.

लेक डोकेबाज. फोनवर शोधून, खटपट करून तिने त्या बाईचा वेग कमी केला आणि थोड्या वेळाने स्क्रीनही उजळला. तो गेलाच नव्हता. कुणीतरी मुद्दाम काळा ठेवला होता. बटणांवरून हात फिरवताना तिला कोपऱ्यातल्या एकावर नेलपॉलिशचा टणक थेंब लागला, बोटाला कळावा एवढा.

"बाबा, हा आंधळ्या माणसाचा आहे. ज्याला दिसतच नाही तो स्क्रीन कशाला पेटता ठेवेल? तो ऐकून काम करतो. हे बोलणं त्याच्यासाठी आहे."

तेवढ्यात लॅपटॉप बोलला, आता सावकाश, अगदी स्पष्ट. पन्नाशीतल्या बाईचा आवाज होता, थोडा घोगरा, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"आपण घरी नाही आहोत. सांभाळून."

दर वेळी उघडला की पहिलं वाक्य हेच. झाकण लावलं तरी ती बोलायची. दिवेलागणीला बोलायची, "संध्याकाळ झाली. कुणी येणार असेल तर दिवा लावा. गोळी घेतलीत का?" बायकोने तो कपाटात कपड्यांच्या ढिगाखाली ठेवला, तर जेवायच्या वेळी ढिगाखालून आवाज आला, "मला भूक लागली हो. वायर लावा." बायकोने ताट बाजूला सारलं ते सारलंच.

"मी सांगते, ही कुणाची तरी घरधनीण आहे," ती म्हणाली. "आपल्या घरात परकी बाई उपाशी बसलीय असं वाटतं मला. ज्याची त्याला देऊन या."

लेकही तेच म्हणत होती. "शोधूया ना, बाबा. पटापटला विचारा, कुणाकडून घेतला."

आता किल्लीवाल्याचा पारा चढला. खरं तर तो घाबरला होता, आणि घाबरला की तो ओरडायचा. "विचारतो! पोलिसातही जातो! चोरीचा माल घेतला म्हणून आधी मलाच आत टाकतील. आणि किल्लीवाल्याच्या घरी चोरीचा माल, हे बाजारात कळलं तर? उद्या एक माणूस किल्ली ठेवेल का माझ्याकडे? टपरीला टाळं लागेल. आणि तुझी नोकरी? सोमवारी काय पाटी-पेन्सिल घेऊन बसणार आहेस?"

नोकरी लेकीलाही हवीच होती, आणि याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला लॅपटॉप घेऊन पटापटकडे गेला. "कोरा करून दे. आतलं सगळं काढून टाक."

"आत काय आहे?" पटापटने आपलं सहज विचारलं.

प्रश्न किल्लीवाल्याचाच होता. "काही नाही," तो म्हणाला. "जुनी घाण."

पटापटने झाकण उघडलं. "आपण घरी नाही आहोत," बाई म्हणाली. "सांभा—" आणि पटापटने काहीतरी दाबलं. तिचं वाक्य पुरं झालं नाही.

लॅपटॉप कोरा करकरीत होऊन घरी आला. सोमवारी लेकीचं काम सुरू झालं. सगळं सुरळीत. फक्त दिवेलागणीला तिघंही आपापल्या जागी थांबायचे. बायको ओट्यापाशी, लेक टेबलापाशी, आणि हा दारात चपला काढता काढता. मग बायको जाऊन दिवा लावायची आणि घर पुन्हा हलायला लागायचं. त्या बाईची भीती वाटत होती तेव्हा बरं होतं, असं किल्लीवाल्याला वाटायला लागलं. आताची शांतता त्याला खायला उठायची.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी टपरीपुढे पांढरी काठी टकटकली. काळा चष्मा लावलेला, स्वच्छ कपड्यांतला, साठीचा माणूस.

"किल्लीवाले तुम्हीच ना? दाराचं कुलूप बदलायचंय. माझी बॅग चोरीला गेली, किल्ली तिच्यातच होती. शेजारणीकडच्या किल्लीने भागवतोय. पण माझी किल्ली कुणाच्या तरी हातात आहे हो. रोज संध्याकाळी खुर्चीत बसलो की वाटतं, आता दार उघडेल, आणि कोण आलं ते मला कळणारसुद्धा नाही."

किल्लीवाल्याचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. दुसरा कुणी पाठवावा, आजारी असल्याचं सांगावं, सगळं मनात आलं. पण पाय आपोआप त्या काठीच्या मागे निघाले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पडदे ओढलेले, आत अंधार. माणसाने भिंतीवर हात फिरवून दिव्याचं बटण दाबलं. "तुमच्यासाठी," तो म्हणाला. "मला नाही लागत. बायको म्हणायची, कुणी येणार असेल तर दिवा लावा, नाही तर लोक घाबरतात."

किल्लीवाल्याने त्या दिव्याकडे पाहिलंच नाही.

माणूस आतल्या खोलीत गेला. किल्लीवाला दारापाशी उकिडवा बसला, स्क्रूड्रायव्हर काढला, पण हात गेला खिशात. त्याला खात्री करून घ्यायची होती. खरं तर त्याला वाटत होतं की ती किल्ली लागू नये, एवढं एकदा लागू नये. त्याने ती अगदी हलक्या हाताने कुलपात घातली आणि फिरवली. लोण्यातून फिरावी तशी फिरली.

आतून आवाज आला, "ही माझी किल्ली आहे."

किल्लीवाल्याने किल्ली कुलपातच सोडली.

"शेजारणीची अडखळते. माझी नाही अडखळत." माणूस भिंतीला धरून दारात येऊन उभा राहिला. "तुमच्याकडे कशी आली?"

खोटं बोलायला किल्लीवाल्याला जमलं असतं. समोरच्याला त्याचा चेहराही दिसत नव्हता. पण तोंडातून निघालं ते भलतंच, जन्मभराची सवय निघाली. "लॅपटॉपच्या आत... आत काय होतं, काका?"

लॅपटॉपचं नाव माणसाने काढलंच नव्हतं. प्रश्न कुठून आला हे त्याला कळलं असावं.

"बायको होती माझी," तो म्हणाला. "माझे डोळे गेले तेव्हा तिने आपला आवाज भरला त्यात. रोज बसून वाक्यंच्या वाक्यं वाचायची, घसा बसेपर्यंत. मग ते यंत्र काहीही वाचो, तिच्याच आवाजात वाचायचं. घरचं वायफाय सुटलं की सांभाळून म्हणायची, दिवेलागणीला गोळीची आठवण करायची, आणि मला हसवायला तिने त्यात आणखी काय काय घातलं होतं. भूक लागली म्हणायची. नंतर ती गेली. आवाज राहिला."

"दुसरीकडे कुठे ठेवला नव्हता तो?"

"दुसरी किल्ली करून ठेवायला हवी होती, नाही का? तीही म्हणायची, करू एकदा. राहून गेलं." त्याने हात पुढे केला. "तुमच्याकडे आहे ना तो? मी पोलिसांत नाही जाणार. मला फक्त तो द्या."

किल्लीवाला धावत सुटला. भर बाजारातून, टपरी उघडी टाकून, धापा टाकत घरी. लेकीच्या हाताखालचा लॅपटॉप त्याने ओढून घेतला. ती ओरडली, "बाबा, काम चालू आहे!" मग बापाचा चेहरा पाहून तिचा हात आपोआप सुटला. परत जाताना तो स्वतःशीच बडबडत होता, की पटापटला काहीतरी करता येईल, खोल कुठेतरी थोडं उरलं असेल, एखादं वाक्य, अर्धं वाक्य तरी. देवा, अर्धं चालेल.

माणूस खुर्चीत ताठ बसला होता. किल्लीवाल्याने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. माणसाने दोन्ही तळवे आधी झाकणावर ठेवले, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावे तसे. मग झाकण उघडलं. बोटं सरकत सरकत कोपऱ्यातल्या बटणापाशी गेली आणि नेलपॉलिशच्या थेंबावर थांबली. तो हसला. किल्लीवाल्याने ते हसणं पाहिलं, आणि ते त्याला जन्मभर पुरणार होतं.

माणसाने वाचन सुरू करायची ओळखीची बटणं दाबली. लॅपटॉप बोलला. कुणा तरुण पोराचा आवाज, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला. "हिशेब तपासणी. पान उघडं आहे."

माणसाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. त्याने पुन्हा बटण दाबलं. "पान उघडं आहे," पोरगा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने दाबलं नाही. अंगठा त्या थेंबावरून एकदा फिरवला, झाकण मिटलं आणि लॅपटॉप पुढे केला.

"हा माझा नाही."

"काका, तुमचाच आहे! मी पुसायला लावला... मला माहीत होतं, चोरीचा आहे हे माहीत होतं, तरी घेतला. लेकीची नोकरी होती. माझं चुकलं, काका, मला—"

"नाही हो. आत काय होतं ते सांगितलं ना मी तुम्हाला?" त्याचा आवाज जराही चढला नाही. "ते यात नाही. मग माझा कसा असेल? घेऊन जा."

किल्लीवाल्याने लॅपटॉप घेतला. दुसरं काय करणार? कुलपात राहिलेली किल्ली काढून आणून त्याच्या तळहातावर ठेवली. कुलूप बदलायचं तसंच राहिलं होतं. किल्लीवाला म्हणाला, "आता बदलून देतो. मजुरी नको."

"राहू दे," माणूस म्हणाला. "ज्याची भीती होती, ते होऊन गेलं."

बाहेर संध्याकाळ होत आली होती. किल्लीवाल्याला कळलं की ते दोघेही एकाच गोष्टीची वाट बघतायत. घरात कुणीच काही बोललं नाही. कुणी गोळीचंही विचारलं नाही.

तो दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला, "किल्लीवाले, तो दिवा बंद करून जा. आता कुणी यायचं नाही."

किल्लीवाल्याने बटण दाबलं आणि दार ओढून घेतलं.