गळ्यावरची जाळी

शनिवारी सकाळी आमच्या गावच्या बंद पडलेल्या शाळेत पन्नासेक बायका गळ्याचे रुमाल सोडून रांगेत उभ्या होत्या. त्यांत माझी मुलगी रादका होती. तिला पाचवा महिना चालू होता, आणि थायरॉइडच्या गोळ्या तिनं नुकत्याच सोडल्या होत्या.

पुढे झऱ्याच्या पाण्यानं उपचार करणारा कुझमान बसला होता. आयोडीनमध्ये काडी बुडवून तो बाईच्या गळ्यावर तपकिरी जाळी काढायचा. आमच्याकडे खोकल्यालाही अशी जाळी काढतात, तिचं कुणाला काही वाटत नाही. पण कुझमाननं बाटलीतल्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा नुसता टेकवला की जाळी नाहीशी व्हायची आणि कापूस पांढराच राहायचा.

"प्यायली," तो म्हणायचा. "थायरॉइडची ग्रंथी उपाशी होती, बाई. झऱ्याचं पाणी तिला जागं करेल. गोळ्या बंद करा. निसर्गाच्या वाटेत त्या आडव्या येतात."

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, स्तांकाला, मीच त्याच्याकडे आणलं होतं. तिनं गोळ्या सोडल्या. हिवाळ्यात ती दिवसदिवस झोपून राहायची. अंग गार, चेहरा सुजलेला. "आजार बाहेर पडतोय," कुझमान म्हणाला. मी वाट बघत बसलो. फेब्रुवारीत ती गेली.

मी दूध केंद्रावर दूध तपासतो. दुधात पीठ असलं की आयोडीनचा थेंब निळा होतो. त्या शनिवारच्या दोन दिवस आधी एकाचं दूध दाट होतं, तरी निळं होईना. खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "क जीवनसत्त्वाची गोळी चुरून टाकली, काका. आयोडीनचा रंग मरतो तिनं." मला कुझमानची बाटली आठवली.

रांगेत मला एका जागी उभं राहवेना. रादकाच्या पुढे दोघीच उरल्या होत्या.

"बाबा, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "गोळ्यांनी बाळाला काही झालं तर?"

"न घेतल्यानं झालं तर?"

मी पुढे गेलो, पिशवीतली पांढरी ताटली कुझमानच्या टेबलावर ठेवली आणि त्याच्याच काडीनं तिच्यावर जाळी काढली. मग त्याची बाटली उचलली.

"हात लावू नका, त्सेनो. शक्ती जाते."

"गेली तर परत भरून आणा. झरा कुठे आटलाय?"

मी थोडं पाणी ओतलं. जाळी गेली.

"ही ताटलीसुद्धा उपाशी होती का हो?" मागून रांगेतली पेंका म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

मी खिशातली जीवनसत्त्वाची गोळी चुरली, शाळेच्या नळाच्या पाण्यात कालवली आणि माझ्या मनगटावर तोच खेळ करून दाखवला. कुझमान म्हणाला, श्रद्धा नसलेल्या हाताला उत्तर द्यायचं नसतं. आणि बाटली पिशवीत घातली.

"पण मला बरं वाटलं होतं," पेंका म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"वाटलं असेल. स्तांकालाही आठवडाभर वाटलं होतं."

रांग सगळी मोडली नाही. दहा-बारा जणी उभ्याच राहिल्या. रादकानं मात्र रुमाल बांधला. दुपारी आम्ही बसनं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. गोळी पुन्हा चालू झाली आणि गरोदरपणामुळे तिचा डोस वाढला. बाळाचे ठोके नीट होते.

रानगुलाबाचा चहा प्या, अक्रोड खा, डोंगर चढा. त्यात वाईट काही नाही. पण गळ्यावरचा रंग उडाला म्हणजे ग्रंथी बरी झाली असं नाही. ग्रंथी काम करते की नाही हे रक्त सांगतं, आणि गोळी कमी करायची की वाढवायची हे रक्त बघणाऱ्या डॉक्टरांना विचारा. गोळी सोडा असं कुणी म्हणालं, तर त्याच्या बाटलीत काय आहे ते आधी विचारा. मी चार वर्षांपूर्वी विचारलं नाही.