मेलेलं पेडल

थोरल्याने गाडीची चावी बाकावर आपटली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पेडल मेलंय. परत."

गॅरेजमध्ये ऐकायला धाकट्याशिवाय कोणी नव्हतं, पण थोरल्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला. ही तिसरी खेप. अॅक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर बदलून झाला होता, इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल धुऊन झाला होता, सेटिंगही दोनदा केली होती. धाकटा स्वतः चालवायचा तेव्हा गाडी पायाच्या इशाऱ्यावर पळायची. थोरल्याच्या हातात गेली की पुन्हा तीच रडकथा.

"होतं काय नक्की?"

"आधी दाबतो तर ढिम्म हलत नाही. आणखी दाबलं की उधळते. परवा फाटकाच्या खांबावर घातली. शेजारी तुझी वहिनी बसली होती, कळतंय का?"

कळत होतं. आई गेल्यावर धाकट्याला दोन घास वेळेवर मिळाले ते वहिनीमुळे. थोरला रोज तिला कामावर सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. नुसत्या भावासाठी धाकट्याने त्या पेडलमागे एवढी मरमर केली नसती. दोघा भावांचं बरेच दिवस विळ्याभोपळ्याएवढं सख्य होतं.

"आज झालं नाही तर उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही," थोरला म्हणाला. "ते बटणांचं खोकं घे काखेत आणि दुसरीकडे पोट भर."

बटणांचं खोकं म्हणजे गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर. थोरल्याचा जन्म तारा ओढण्यात आणि कार्बोरेटर साफ करण्यात गेला होता. आताच्या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत तारच नाही, पाय किती दाबला ते सेन्सर सांगतो आणि बाकीचं संगणक ठरवतो, हे त्याला पटतच नव्हतं. त्यामुळे गाडीत काहीही बिघडलं की दोष धाकट्याचा.

"आणि या वेळी माझ्या देखत कर," म्हणत तो चावी उचलून चालकाच्या जागेवर बसला. तसं त्या गॅरेजात स्टिअरिंगमागे थोरल्यानेच बसायचं, ही बापाने घालून दिलेली रीत होती. आधीच्या दोन्ही वेळा थोरला बाहेर गेला होता म्हणून धाकट्याने ती मोडली होती, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली होती.

धाकट्याने डॅशबोर्डखाली वायर जोडली आणि स्कॅनर घेऊन पलीकडच्या सीटवर बसला. काम तसं सोपं होतं. चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही, पेडलला पाय लावायचा नाही. मोकळं पेडल कुठे असतं ते संगणक शिकतो आणि तिथून पुढे मोजतो. त्या वेळी पाय लागला तर सगळंच मुसळ केरात.

थोरल्याने चावी फिरवली. स्क्रीनवर मोकळ्या पेडलचं शून्य दिसायला हवं होतं. नऊ दिसत होतं.

"पाय काढ."

"काढलाय."

"दादा, पाय काढ."

"काढलाय म्हणतोय ना. सेन्सर कुठून उचललास, भंगारातून?"

आकडा नवावरून अकरावर गेला. धाकट्याचं डोकं फिरलं. याला गाडी दुरुस्त व्हायलाच नको आहे, त्याच्या मनात आलं. याला फक्त मला हाकलायला निमित्त हवंय.

"माझ्यावर खापर फोडायचं म्हणून पाय ठेवून बसलायस."

"नाचता येईना अंगण वाकडं. बापाच्या मागे तुला पोसला, त्याचं हे फळ."

"तू नाही पोसलंस. वहिनीने पोसलं."

हे थोरल्याला बाणासारखं लागलं. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. धाकटा उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि त्याने चालकाच्या बाजूचं दार उघडलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून तो खाली वाकला.

पाय पेडलवरच होता. चपलेच्या पट्ट्याला जळून भोक पडलं होतं आणि त्याच्या खाली अंगठ्यावर काळपट, ओलसर जखम होती. वेल्डिंगची ठिणगी पडून बरेच दिवस झाले असणार. एवढं भाजलं की माणूस घर डोक्यावर घेतो, आणि थोरला तर साधा डास चावला तरी बोंबलणारा. धाकट्याने जखमेच्या बाजूला नख रोवलं. जोरात रोवलं. वरून शिव्या येत होत्या त्या तशाच येत राहिल्या, मध्ये श्वासही अडखळला नाही.

क्षणभर धाकट्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सापडलास, असं वाटलं. मग फाटकाचा खांब आठवला, शेजारी बसलेली वहिनी आठवली.

"तुझा पाय पेडलवर आहे, दादा."

थोरल्याने वाकून पाहिलं. पाहिल्यावरच त्याला कळलं.

"मुद्दाम ठेवलाय," तो म्हणाला. "तुला समजतं का ते बघत होतो."

"मी आत्ता तुझ्या अंगठ्यात नख रोवलं."

"कधी?"

शब्द तोंडातून निसटला होता. तो परत घेता येत नव्हता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"साखर आहे म्हणाला, तिने पाय बधिर होतात. चालायचंच. चल, सेटिंग कर."

धाकट्याने हात घालून चावी काढून घेतली. थोरला धडपडत उतरला आणि त्याने भावाची कॉलर धरली. "चावी दे. माझी गाडी आहे."

"परवा खांब होता. उद्या माणूस असेल."

"तिला सांगितलंस तर थोबाड फोडीन. या हातांनी शेकडो गाड्या उभ्या केल्या मी. आता बायकोने मला हात धरून न्यायचं?"

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. वहिनीचाच होता. थोरल्याची पकड घट्ट झाली आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सांगू नकोस."

धाकट्याने फोन उचलला.

"झाली का रे गाडी? मी केव्हाची उभी आहे."

"गाडी ठणठणीत आहे, वहिनी. तिला कधी काही झालंच नव्हतं."

"आजपासून मला भाऊ नाही," थोरला दातओठ खात म्हणाला.

वहिनी म्हणाली, "पायाचंच ना? मी रोज शेजारी बसते, मला कळणार नाही?"

धाकट्याला आता तिचाही राग आला. "कळत होतं तर बसत का होतीस?"

"तो एकटा गेला असता."

कॉलरवरची थोरल्याची पकड सैल झाली. "काय म्हणतेय?" त्याने विचारलं.

"तूच विचार," धाकटा म्हणाला, आणि त्याने फोन त्याच्या हातात दिला.