गजकर्णाची ट्यूब आणि रेश्माचा चेहरा

भात झोडून घरात आलं आणि थंडी पडली, की रेश्माच्या तोंडाचे पापुद्रे निघायला लागत. गालांवर पांढरे खवले, ओठांच्या कडेला चिरा, आणि हसली तर कातडी अशी ताणायची की हसणंच नको वाटावं. दर वर्षीचंच होतं ते. गावातल्या निम्म्या पोरींचं हेच होतं आणि उपायही सगळ्यांचा एकच. चुलीवरचं कढत पाणी घ्यायचं, कपड्यांच्या साबणाची वडी तोंडावर घासायची, आणि पांढरं गेलं नाही की पुन्हा घासायची! कोरडेपणा म्हणजे मळ, अशी आपली ठाम समजूत. तवा घासावा तसं आपण तोंड घासतो, आणि वर विचारतो की कातडी का फुटते.

गाव धसईच्या जवळचं. नाव सांगत नाही, तिथल्या बायका मला ओळखतात. साल दोन हजार तीन.

रेश्मा बारावी झालेली, वीस वर्षांची. मुरबाडला शिवणक्लासला जायची. रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस. तरी दोन स्थळं परत गेली होती. दुसऱ्यांनी तर निरोप धाडला, "मुलगी गुणाची आहे, पण चेहऱ्यावर तेज नाही." हे वाक्य रेश्माच्या आईच्या, सकुबाईच्या, मनाला फार लागलं. भाकरी थापताना, गोठा झाडताना तिच्या कानात तेच वाजायचं. पोरीच्या तोंडावर तेज कुठून आणायचं?

आणि एका सकाळी तिला ते सापडलं. कुठं? तर नवऱ्याच्या पोटरीवर!

झालं होतं असं. धाऊला, म्हणजे रेश्माच्या बापाला, लावणीच्या चिखलात उभं राहून पोटरीला गजकर्ण झालं होतं. डॉक्टरनं एक ट्यूब लिहून दिली आणि पंधरा दिवस लावायला सांगितली. धाऊनं ती दोन महिने लावली. गजकर्ण गेलं. त्या दिवशी तो दारात पाटावर आंघोळीला बसला होता आणि सकुबाई पाणी घालत होती. पाणी घालता घालता तिचा तांब्या हवेतच राहिला.

"अवो, ही पोटरी बघा! गजकर्ण व्हतं तिथली कातडी कशी गोरी झाली!"

"पाणी घाल आधी, गारठलो," धाऊ म्हणाला. "गोरी पोटरी मला कोणाला दाखवाची हाय?"

पण सकुबाईनं मनाशी पक्कं केलं. त्याच दुपारी उरलेली ट्यूब रेश्माच्या गालांना लागली. संपली, तशी बाजारातून दुसरी आली. चिठ्ठी कोणी मागितली नाही, हिनं विचारलं नाही.

आणि मंडळी, गुण आला हो! तीन आठवड्यांत पापुद्रे गेले, गाल मऊ झाले, रंग उजळला. रेश्मा आरशासमोरून हलेना. शेजारणी विचारू लागल्या, "सकू, पोरीला काय लावतेस गो?" सकुबाईनं आधी आढेवेढे घेतले, मग ऐटीत एकेकीच्या बोटावर मोहरीएवढं मलम द्यायला सुरुवात केली. गजकर्णाचं औषध आहे हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही.

मार्गशीर्षात शेजारच्या तालुक्यातल्या किन्हवलीचं स्थळ आलं. मुलगा साईनाथ, भातसानगरला धरणावर नोकरीला. त्याच्या आईनं, हिराबाईनं, रेश्माला उजेडाकडे तोंड करून बसवलं, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "गोरी हाय मुलगी. आमाला पसंत." रथसप्तमीनंतरच्या रविवारी साखरपुडा ठरला. त्या दिवशी सकुबाईनं देवापुढे नारळ फोडला. खरं तर ट्यूबपुढेच फोडायचा!

संक्रांत झाली आणि उलटं फिरलं. रेश्मा वालाच्या शेंगा काढायला शेतात गेली, ती दुपारी चेहरा धरूनच घरी आली. गाल लालबुंद, तापलेले, मुंग्या डसल्यासारखी आग. कपाळावर बारीक पुळ्या. ट्यूब लावली की तासाभरात निवायचं, एक दिवस चुकली की दुप्पट भडकायचं. मग दिवसातून दोनदा, मग तीनदा. तिची कातडी आता ट्यूब मागायला लागली होती. रेश्मा ओढणी नाकापर्यंत घेऊन हिंडू लागली, क्लास बंद केला. आणि साखरपुडा अठरा दिवसांवर!

त्या आठवड्यात उपकेंद्राच्या सिस्टर बाळांना लस द्यायला गावात आल्या. सरस्वती सिस्टर मूळच्या वरच्या ठाकरवाडीच्या. पन्नाशीला आलेल्या, बोलायला फटकळ, पण रात्री-अपरात्री बाळंतिणीपाशी पोहोचणाऱ्या. त्यांनी रेश्माची ओढणी सरळ खाली केली.

"काय फासलंस गो हे?"

सकुबाईच आत गेली आणि अजूनही थोड्या अभिमानानं ट्यूब घेऊन आली. सिस्टरनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, हे खाजगजकर्णाचं औषध हाय. यात स्टिरॉइड हाय."

"म्हंजे काय?"

"म्हंजे सूज आन खाज दाबणारं जोरदार औषध. डॉक्टर सांगेल त्या जागी, सांगेल तितकेच दिवस लावायचं. रोज तोंडाला लावलं तर कातडी पातळ होते. ह्या बघा गालावरच्या शिरा, आधी दिसत व्हत्या काय? काकू, तुमची पोरगी गोरी झाली नाय. ती झिजली!"

सकुबाईनं वाकून गालावरच्या त्या शिरा पाहिल्या. झिजली! दोन महिने आपल्याच बोटांनी आपण पोरीला झिजवत होतो! पण आईचं मन मोठं चमत्कारिक असतं. दुसऱ्याच क्षणाला ती हात जोडून म्हणाली, "बाई, साखरपुड्यापर्यंत लावू दे. अठराच दिवस. मंग लगेच बंद करते."

"मंग लग्नापर्यंत लावाल. मंग पहिल्या दिवाळसणापर्यंत. मंग कधी बंद कराल?"

"पण अशा तोंडानं स्थळ मोडल ना बाई!"

तेव्हा रेश्मा मध्येच बोलली. "आई, मोडलं तर मोडू दे. मी ट्यूब नाय लावणार. आरशात बघते तर मला मीच दिसत नाय." आणि ती ढसाढसा रडली. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी झोंबत होतं, हे सकुबाईला समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः रेश्माला मुरबाडला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ट्यूब बंद केली, आग निवायला औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "काही आठवडे भडकेल. घाबरून पुन्हा ट्यूब लावू नका. आग शांत होईपर्यंत दुसरंही काही फासू नका."

परतताना एस.टी.मध्ये रेश्मानं विचारलं, "सिस्टर, आग जाईल, पण थंडीत तोंड फुटतं त्याचं काय?"

त्याचं उत्तर सिस्टरनी तिच्या घरी, सकुबाईच्या समोरच दिलं. "तुमच्या बांधावर दोन मोह हायत. मोहाचं तेल वापरा की."

"वाडीवरचं तेल?" सकुबाईनं नाक मुरडलं. "वास मारतो त्याला. आमी ते तोंडाला लावाचं?"

"मी वाडीवरचीच हाय, काकू," सिस्टर हसत म्हणाल्या, पण बोलणं टोचलंच असणार. "माझं तोंड बघा. ऊन, थंडी, वाडी-वाडी फिरणं, तीस वर्षं झाली. कुठं फुटलंय काय? तुमी दर आषाढात बिया गोळा करून बाजारात देता. तेच तेल साबणाच्या कारखान्यात जातं, आन तुमी साबण विकत आणून पोरीचं तोंड कोरडं करता! आपल्या बांधावरचं आपल्यालाच हलकं वाटतं. वाडीवरल्या बाईनं सांगितलं म्हणून तर आणखीच हलकं!"

सकुबाई ओशाळली. आणि ओशाळलेलं माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जातं. ती म्हणाली, "मंग आताच फासू. झाडाचं हाय, त्याचा अपाय कसला?"

"बिब्बा पण झाडाचाच हाय!" सिस्टर कडाडल्या. "लावता काय तोंडाला? झाडाचं म्हणून डोळे झाकून काय पण लावू नका. आधी आग निवू दे. डॉक्टर हो म्हणाले की कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. लाल झालं नाय, खाजलं नाय, तर मंग तोंडाला. कढत पाणी बंद, कपड्यांचा साबण बंद. कोमट पाण्यानं तोंड धुवाचं, फडक्यानं टिपाचं, घासाचं नाय. ओलसर असतानाच दोन थेंब तळहातावर चोळून लावाचे. थंडीत ते तुपासारखं थिजतं, हाताच्या उबेनं वितळतं. आन एक सांगते, त्यानं गोरी व्हनार नाय. तोंड फुटणार नाय, एवढंच."

माहेराहून आणलेली एक बाटली त्यांनी फळीवर ठेवली आणि निघून गेल्या.

पुढचे दिवस कठीण होते. चेहरा खरोखरच भडकला. एकदा तर सकुबाईच ट्यूब हातात घेऊन पोरीच्या अंथरुणाशी गेली होती. रेश्मानं फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि ती तशीच मागे फिरली. ट्यूब तिनं चुलीत टाकली. ज्या शेजारणींना मलम वाटलं होतं, त्यांच्या दारी जाऊन मात्र ती काही सांगू शकली नाही. लाज वाटत होती.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. आग निवली होती, पण गालांवर लाली होती, पापुद्रेही होते. ज्या रंगावर पसंती झाली तो रंग तर कुठेच नव्हता! सकुबाईनं पावडरचा डबा पुढे केला. रेश्मानं तो बाजूला सारला आणि पाटावर येऊन बसली. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. हिराबाईनं पुढे वाकून पाहिलं.

"विहीणबाई, मुलीच्या तोंडाला काय झालं?"

'थंडीनं झालंय,' हे उत्तर सकुबाईनं चार दिवस घोकून ठेवलं होतं. तोंडही उघडलं. पण समोर पोरगी ताठ मानेनं बसली होती, तोंडाला पावडर नाही, डोक्यावरचा पदरही मागे सारलेला. सकुबाईला त्या क्षणी आपल्या खोट्याची शरम वाटली.

"मी केलं, विहीणबाई," ती म्हणाली. "तुमी बघायला आलात तवा जो रंग व्हता तो तिचा नव्हता. यांच्या पोटरीच्या गजकर्णाची ट्यूब मी पोरीच्या तोंडाला लावली. आता डॉक्टरनं बंद केली. हा तिचा खरा रंग. लाली जाईल, पण गोरी ती नाय व्हनार. तुमाला नको असली तर आताच सांगा."

कोणीतरी खुदकन हसलं. धाऊनं मान खाली घातली. पण हिराबाई हसली नाही. ती वळली आणि मागे बायकांत बसलेल्या आपल्या मुलीला तिनं हाक मारली. "समीक्षा, इकडं ये."

चौदा वर्षांची समीक्षा, साईनाथची धाकटी बहीण, तोंडाला रुमाल बांधून आली होती. हिराबाईनं रुमाल सोडला. तेच लाल गाल! त्याच पुळ्या!

"तू मला थंडीनं झालं म्हणालीस. खरं सांग, काय लावतेस?"

पोरीनं रडत रडत पिशवीतून एक ट्यूब काढली. तसलीच. "मैत्रीण म्हणाली, हिनं तोंड गोरं व्हतं. आन तूच म्हणालीस ना आई, वहिनी एवढी गोरी येणार, तू तिच्या शेजारी कशी दिसशील?"

हिराबाईचे डोळे भरले. आपल्या एका वाक्यानं आपलीच लेक पोळली! एका घरात खोटा रंग लावला, आणि त्याचे चटके दोन तालुक्यांतल्या दोन पोरींना बसले.

साईनाथच पुढे झाला. "आई, मी दिवसभर धरणावर उन्हात उभा राहतो. माझं तोंड भाजून काळं ठिक्कर झालंय. ते कोणी उजेडात नेऊन बघितलं काय? मंग हिचं कशाला बघाचं? मला रेश्मा तवा पण पसंत व्हती, आता पण हाय. साखर आणा."

साखर आली. आणि पाटावरून उठल्यावर रेश्मा पहिल्यांदा कोणाजवळ गेली असेल, तर समीक्षाजवळ. तिचा हात धरून ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर मुरबाडला चल. आग होते, मला माहीत हाय. पण ती जाते."

पुढची संक्रांत आली तेव्हा रेश्माचं लग्न होऊन गेलं होतं. तिचा चेहरा पहिल्यासारखा सावळा झाला होता, मऊ आणि नितळ. सकुबाईनं त्या वर्षी बांधावरच्या बिया विकल्या नाहीत, घाण्यावरून तेल काढून आणलं. हळदीकुंकवाला गावच्या बायका जमल्या आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात मोहाच्या तेलाची छोटी बाटली आली. मानाचं पहिलं वाण तिनं सरस्वती सिस्टरना दिलं. मग पदर खोचून ती उभी राहिली. वर्षभर जे जिभेवर येत नव्हतं, ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं.

"बायांनो, गेल्या वर्षी मी तुमाला मलम वाटलं, ते गजकर्णाचं व्हतं. मी चुकले. जिच्या घरात ती ट्यूब असल, तिनं उद्या सिस्टरला दाखवा. हे तेल पण आधी कोपराला लावून बघा. आन पोरीचं तोंड फुटलं तर तेल लावा, पण पोरगी सावळी हाय म्हणून कायपण लावू नका. ती काय दुखणं नाय!"

मंडळी, सकुबाई चौथी शिकलेली बाई. तिला कळलं ते आपल्यालाही कळायला हवं. कातडी कोरडी पडली तर तिची निगा राखावी, बांधावरचं तेल पारखून वापरावं, दुखलं-खुपलं तर डॉक्टरला दाखवावं. पण सावळ्या रंगाला रोग समजून औषध शोधू नये. औषध लागतं ते पाहणाऱ्याच्या नजरेला.

बायका बाटल्या घेऊन निघाल्या. जाता जाता एक शेजारीण दारात थांबली. तोंडावरचा पदर तिनं हळूच बाजूला केला आणि सिस्टरना म्हणाली, "बाई, माझं पण जरा बघता?"