कोर्ट घरी आलं

माझ्या टँकरने धडक दिली म्हणून फळवाल्याचा पाय मोडला, असा खटला माझ्यावर उभा राहिला. खरं तर आमच्या घरासमोरच्या उतारावर त्याचीच हातगाडी सुटली होती. ती अडवायला तो धावला आणि गाडी न् टँकरच्या मधे सापडला. त्या बिचाऱ्याला काहीच आठवत नव्हतं. सगळं पाहिलं होतं एकटीने, खिडकीशी अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आत्याने. खुब्याचं हाड मोडलेलं, ती जिना कुठून उतरणार?

तिची साक्ष घरीच घ्यावी असा आमच्या वकिलांनी अर्ज केला, आणि न्यायाधीश बाई चक्क घरी आल्या. मागून टायपिस्ट आणि सरकारी वकील. आई पार गांगरली. बाईंनी मात्र शिलाई मशीनपुढचं स्टूल ओढलं आणि बसल्या.

"अगं बाई, इथे कसलं कोर्ट?" आत्या पुटपुटली. "माझी चादरसुद्धा चुरगळलीय."

बाई हसल्या. "आजी, पूर्वी राजा मुक्कामाला थांबे तिथेच दरबार भरायचा. कुठे चार जाणती माणसं झाडाखाली बसून भांडणं मिटवायची. इमारती नंतर आल्या. दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या, हे त्यांच्याही आधीचं. ते इथेही जमेल."

शपथ झाली. आत्याने पाहिलेलं सगळं सांगितलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "भाच्यावर जीव आहे ना तुमचा?"

"नसेल का? अंगाखांद्यावर वाढवलाय. पण त्या दिवशी टँकर जोरात होता, हेही मीच सांगते. कितीदा बोलले त्याला, ऐकेल तर शपथ!"

संपलं, मला वाटलं. बाईंनी शब्द न् शब्द टाईप करून घेतला.

निकालाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "जी बाई भाच्याला अडचणीत आणणारी गोष्टही लपवत नाही, तिच्या बाकीच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे." पाय मोडल्याच्या आरोपातून मी सुटलो. जोरात चालवल्याबद्दल दंड झाला, तो योग्यच होता.

बाईंना हात जोडावेत म्हणून वळलो, तर पुढच्या खटल्याचा पुकारा झालेला. त्या दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होत्या, तितकंच मन लावून. मी दाराशीच हात जोडले.

घरी येऊन आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "सुटलास ना? छान झालं. आता त्या फळवाल्याला बघून ये. त्याच्याकडे कोण जातंय?"

मी तसाच निघालो.