वहीत दोन जास्त

सूनबाई नर्सिंगच्या शाळेत जाणार हे मला घरात सगळ्यांत शेवटी कळलं. घरात माणसं तीन, म्हणजे माझ्या आधी कळलेले दोघंच, पण शेवटचा तो शेवटचाच. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवतो, चार दिवस बाहेर आणि तीन दिवस घरी. अर्ज त्यानेच भरून दिला होता. प्रवेशाचं पत्र आल्यावर दोघांनी ते माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभे राहिले, गिऱ्हाईक फाटकी पँट ठेवून उभं राहतं तसे.

मी तीन दिवस घुश्शात होतो. लपवण्यात अर्थ नाही. चौतिसाव्या वर्षी कुणी दप्तर घेऊन निघतं का, असं मी म्हणालो, पण दुखणं वेगळंच होतं. बारा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. आज तिच्यासारखं काज या भागात कुणाचं होत नाही, माझंही नाही. माझी नजर आता बारीक कामाला दगा देते. कापतो मी, शिवतो मी, पण काज, तुरपाई, अस्तर हे सगळं तिच्या हातचं. ती गेली की अर्धं दुकान गेलं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मुलालाही, म्हणून तर मला शेवटी सांगितलं.

चौथ्या दिवशी तिने मला रोगी व्हायला सांगितलं. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी नव्या मुलींसाठी पंधरा दिवसांचा तयारीचा वर्ग होता आणि त्याच्या शेवटी परीक्षा. नाडी मोजायची, श्वास मोजायचे, सिरिंजमध्ये सांगितलं तेवढंच पाणी ओढायचं, औषधाच्या मात्रेची गणितं सोडवायची. यात पास झाली तर सत्रात बसायचं. नापास झाली तर आठवड्याने आणखी एक संधी, आणि तीही हुकली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. घरी सरावाला माणूस हवा होता आणि रिकामटेकडा तेवढा मीच, असं तिचं म्हणणं. रिकामटेकडा म्हटल्यावर मी आणखी चिडलो आणि चिडून का होईना, हो म्हणालो.

मग मी रोज दुपारी कटिंगच्या टेबलावर आडवा. पलंग बुटका पडतो, तिची कंबर दुखते, म्हणून टेबल. ज्या लाकडावर मी चाळीस वर्षं कोट कापले त्यावर मीच कापडासारखा पडलेलो, आणि खाली चादर ताणून तिचे कोपरे घडी घालून खोचलेले. चादरीत मला खोट काढायची होती, पण तो कोपरा कॉलरपेक्षा नेटका बसला होता. श्वास मोजताना मला सांगायचं नसतं म्हणे, नाहीतर माणूस मुद्दाम वेगळा श्वास घेतो. मी मुद्दाम रोखून धरायचो. ती घड्याळावरची नजर न काढता म्हणायची, "बाबा, असं केलंत तर तुम्ही मेलात असं लिहावं लागेल."

हे सगळं मजेचं होतं तोवर ठीक होतं. पहिल्या परीक्षेच्या दिवशी ती आली, पिशवी खुंटीला लावली आणि आधीच इस्त्री झालेल्या पँटला पुन्हा इस्त्री करू लागली. दुसरी पँट घेतली तेव्हा तिने आपणहून सांगितलं की नापास झाले. परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, हात स्थिर आहे, रोग्याशी बोलणं चांगलं आहे, पण आकडे चुकतात. एकाच रोग्याच्या एका मनगटावर त्यांनी नाडी मोजली, दुसऱ्यावर हिने. त्यांचे सत्त्याहत्तर, हिच्या कागदावर ऐंशी. श्वास त्यांचे सोळा, हिचे अठरा. आणि ही शपथेवर सांगत होती की मी बरोबरच मोजले. एवढं बोलून तिने तिसरी पँट घेतली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते इस्त्रीच्या वाफेवर ढकलत होती.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली असताना मी तिची सरावाची वही उघडली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण त्यात माझीच नाडी लिहिलेली होती. पुढे वर्गातल्या सरावाची पानामागून पानं, डावीकडे तिचा आकडा, उजवीकडे जोडीदार मुलीने तपासलेला. चुका भरपूर होत्या. पण एकही चूक कमीच्या बाजूची नव्हती. प्रत्येक वेळी जास्त. दोन जास्त, तीन जास्त, कधी एक. मी पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं आणि ती खोड ओळखली. ती माझी होती.

प्रत्येक शिंपी मापावर माया सोडतो. शिवणीसाठी थोडं जास्तीचं कापड ठेवतो, कारण जास्त झालं तर आत दुमडता येतं, कमी झालं तर रडत बसावं लागतं. पण माया सोडायची ती कापताना. माझ्या दुकानाची रीत वेगळी. टेप सांगेल ते वहीत लिहायचंच नाही, माया धरूनच लिहायचं, म्हणजे कापताना डोकं चालवायला नको. छाती अडतीस भरली की वहीत चाळीस. सुरुवातीला ती अडतीस लिहायची, तेव्हा मी तिच्या बोटांवर लाकडी पट्टी मारली आहे. एकदा नाही, कित्येकदा. बारा वर्षांत तिचा हात इतका तयार झाला की टेप आणि पेन्सिल यांच्या मध्ये दोन आपोआप चढतात. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा तो पीळ मी घातलेला.

वही मिटली आणि तिथेच बसलो. आता जे सांगतो ते मला शोभणारं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी काही बोललो नाही तर हे कुणालाच कळणार नाही. त्या सिस्टरना शिंप्याच्या दुकानातलं काय ठाऊक? ती पुन्हा नापास होईल, थोडे दिवस रडेल, मी तिची समजूत काढीन, आणि काजं पूर्वीसारखी होत राहतील. मूग गिळून बसायचं, एवढंच काम. तासभर मी तसाच बसलो. ती परत आली, आत गेली, भांड्यांचे आवाज झाले, तरी मी बसलोच होतो.

मग स्वतःचीच लाज वाटली. पट्टी मारताना हात उचलला होता, आता तोंड उचलत नव्हतं.

मी तिला हाक मारली आणि नाडी मोजायला सांगितली. तिने तीन बोटं मनगटावर ठेवली, मिनिटभर घड्याळ पाहिलं.

"किती?"

"चौऱ्याहत्तर."

"लिही."

तिने लिहिलं. मी वही तिच्याकडे फिरवली. कागदावर शहात्तर होते.

ती आकड्याकडे बघत राहिली. दुसऱ्याच कुणी येऊन लिहून गेल्यासारखी.

"सूनबाई," मी म्हणालो, "तू माझ्या नाडीवर माया सोडतेयस."

आधी ती हसली. हसता हसता रडली. मग पदर-रुमाल काही न शोधता सरळ टेबलावरच्या अस्तराच्या तुकड्याने डोळे पुसले आणि म्हणाली, पुन्हा मोजू.

मधले दिवस आम्ही तो पीळ उकलला. मी नियम केला की मोजलेला आकडा मोठ्याने म्हणायचा आणि म्हणत म्हणतच लिहायचा. घरातलं काहीही मोजा, दाराची रुंदी, बाटलीतलं पाणी, माझे श्वास, जे असेल तेच. दुकानात माप घेतानाही टेप सांगेल ते लिहायचं, माया कापताना मी बघून घेईन. चाळीस वर्षांची रीत मोडताना माझा जीव किती खालीवर झाला ते मलाच ठाऊक. एका कोटाची बाही मी वही वाचून तशीच कापली आणि दोन इंचांनी आखूड केली. त्या गिऱ्हाइकाची मी हात जोडून माफी मागितली आणि कापड नवीन आणून दिलं. सूनबाई ओठ चावत हसत होती. तिसऱ्या दिवशी तिचे आकडे कधी बरोबर, कधी जास्त येऊ लागले, पाचव्या दिवशी एकदाच चुकले. सहाव्या दिवशी मी माझ्या गळ्याशी बोटं ठेवून ठोके मोजले, तिने मनगटावर, आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. बहात्तर आणि बहात्तर.

दुसऱ्या परीक्षेला ती गेली तेव्हा मी दिवसभर एकच पँट उसवत आणि शिवत बसलो. ती परत आली ती रस्त्यातूनच हसत. सगळे आकडे बरोबर. मोठ्या सिस्टरनी विचारलं की आठवड्यात असं काय झालं, तेव्हा हिने मायेची सगळी गोष्ट सांगितली. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, माया रोग्यांवर हवी तेवढी कर, मापात नको. सत्र सोमवारपासून.

मला आनंद झाला. तो खरा होता, आणि म्हणूनच ती गोष्ट पोटात ठेवणं जमेना. संध्याकाळी ती शेवटची काजं करत बसली होती तेव्हा मी सांगून टाकलं, की वही वाचल्यावर मी लगेच बोललो नव्हतो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून बघत होते. तुमच्या मांडीवर माझी वही होती. तुम्हाला काहीतरी सापडलंय हे तुमच्या तोंडावर दिसत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगायला हवं होतं."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

तिने काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला. "तर मी दुकानातच राहिले असते. तुमची सगळी कामं केली असती. पण तुम्हाला बाबा म्हणाले नसते."

ती किती थोडक्यात वाचली, आणि मी त्याहून किती थोडक्यात, ते मला तेव्हा कळलं. हाताला काम हवं म्हणून मी सुई उचलली आणि दोरा ओवू लागलो. तीन वेळा हुकला. चौथ्यांदा तिने सुई माझ्या हातातून घेतली, ओवून परत दिली आणि म्हणाली, "सोमवारपासून तुमची तुम्ही ओवायची, बाबा."

मी दोरा पुन्हा बाहेर ओढून काढला आणि पहिल्यापासून ओवायला बसलो.