चुंबकाचा ओरडा आणि महारुद्रांचा हात

मी मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी बोलतेय. लग्नात टॉवेलासोबत आहेर करतात तसली टोपी नव्हे बरं! माझ्या अंगावर चौसष्ट बटणं आणि प्रत्येकाला वायर. धाराशिवच्या एका दवाखान्यात माझा मुक्काम असतो.

डोक्याजवळ चुंबकाची कॉइल धरून ठोका देतात. मेंदू त्याला उत्तर देतो, ते मी टिपते. पण चुंबक ओरडतो आणि मेंदू पुटपुटतो, अन् दोघंही माझ्याच वायरींतून जातात.

गेल्या हिवाळ्यात ढोकीहून महारुद्र आले. उसाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस, पण लकवा मारल्यापासून उजवा हात लुळा पडलेला. हात हलवणारा मेंदूचा भाग ठोक्याला उत्तर देत असेल, तर व्यायामानं हात पुन्हा हलू लागण्याची आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

पहिल्याच ठोक्याला पडद्यावर भली मोठी लाट उठली. त्यांच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी, हात जोडले. "आलं का गं पोरी उत्तर?"

यंत्र चालवणाऱ्या निकिताला खरं सांगणं जड गेलं. "मावशी, ही लाट चुंबकाची हाय. काकांची न्हाय." मग बोटं चोळत तिनं विचारलं, "डोक्याला काय लावलंय?"

"तेल की! मोठ्या डॉक्टरकडं ह्यांना कोरड्या डोक्यानं आणायचं व्हय?"

मला हसूही आलं आणि रागही. तेलामुळं माझी बटणं टाळूला नीट टेकत नव्हती, अन् अशा वेळी चुंबकाचा ओरडा जास्तच रेंगाळतो.

दुसऱ्या दिवशी महारुद्र शिकेकाईनं न्हाऊन आले. निकितानं वायरी कॉइलपासून लांब वळवल्या, शंभरावर ठोके दिले. मग कॉम्प्युटरवर ठोक्याच्या क्षणाचा तुकडा कापला आणि मागं रेंगाळलेला ओरडा तांदळातल्या खड्यांसारखा निवडत बसली. तेही जपून, कारण सुक्याबरोबर ओलंही जळतं. मला धास्ती वाटत होती, खाली काहीच उरलं नाही तर?

उरली, एक बारीक लाट. खात्रीसाठी निकितानं कॉइल डोक्यापासून लांब धरूनही काही ठोके दिले होते; तेव्हा ही लाट आली नव्हती, म्हणजे ती चुंबकाची नव्हे. निकितानं तीनदा ताडून पाहिलं.

"मावशी, ही मात्र काकांची."

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. महारुद्रांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला.

चार महिने त्यांनी व्यायाम केला. परवा पुन्हा तपासणीला आले, डोकं स्वच्छ धुऊन. तपासणी संपल्यावर द्वारकाबाईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. महारुद्रांनी ती मागून घेतली आणि उजव्या हातानं झाकण फिरवू लागले. दोनदा बोटं घसरली. तिसऱ्यांदा झाकण निघालं.

माझी पट्टी आता सैल पडलीय, दोन बटणंही बदललीत. पण अजून ऐकू येतं मला. तेवढं डोकं धुऊन या, बाबांनो. तेल मागाहून लावा, आपल्या हातानं.